खुर्चीची खालची बाजू

कॅप्टन हे कॅप्टन नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांच्या शोकसभेत वस्तीतल्या दुकानदाराने त्यांना पार कर्नलपदापर्यंत चढवलं आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. सूनबाई पहिल्याच रांगेत होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं. पण उठून बोलायचं म्हणजे आधी उठायला हवं, आणि तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. चपलांतून पाय अर्धे बाहेर काढून ती नुसती बसून होती. समोर टेबलावर सासऱ्यांचा फोटो ठेवला होता. फोटोतही ते कुणावर तरी वैतागलेलेच दिसत होते.

खरी गोष्ट एवढीच होती की म्हातारा तरुणपणी लढाईत होता आणि तिथे तो स्ट्रेचर उचलायचा. बंदूक त्यालाही मिळाली होती, पण दोन्ही हात स्ट्रेचरच्या दांड्यांना अडकलेले असल्यावर ती फक्त पाठीला टोचायची. लढाई संपल्यावर तो कारखान्यात लागला, लग्न केलं, एक मुलगा झाला, बायको लवकर गेली. कुणीतरी थट्टेने 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन माणसाने आदराने हाक मारली की कॅप्टन खेकसत, "कॅप्टन नव्हे रे मी. एक कॅप्टन उचललाय मी. जाम वजन होतं लेकाच्याला."

कारखान्याने कामगारांसाठी चार-चार मजली इमारती बांधल्या होत्या. लिफ्टचा विचार तेव्हा कुणी केला नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे गुडघे शाबूत होते. पुढे कारखाना बंद पडला, कामगार म्हातारे झाले आणि जिने मात्र आहेत तिथेच राहिले. वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं खाली उतरणं हळूहळू बंद झालं. दवाखान्यात जायचं म्हटलं की घरात रडारड. अँब्युलन्सवाले जिन्याकडे बघून काखा वर करायचे. कॅप्टननी निवृत्तीनंतर हे सगळं खालच्या कट्ट्यावर बसून काही दिवस पाहिलं, मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, आणि एक दिवस बंद कारखान्यातून टाइमकीपरची जुनी हातांची खुर्ची उचलून आणली.

वस्तीतल्या वायरमनने तिला दोन लोखंडी पाइप बसवून दिले. भंगारातल्या गाडीच्या सीटचे पट्टे सूनबाईने शिलाई मशीनवर दुहेरी टीप मारून शिवले. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची, घरातच. जाड कापडाची तिला सवय होती. अशी खुर्ची तयार झाली आणि जिन्याखाली उभी राहिली. माणसाला खुर्चीत बसवायचं, पट्टा लावायचा आणि दोघांनी धरून खाली न्यायचं. जग खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढतं, पण या खुर्चीत बसायला कुणी राजी नसे. आणि बसलेल्याला उचलणारे कोण, तर एक म्हातारा, एक वायरमन आणि एक सूनबाई. बाकीचे दारातून "सांभाळून हां" म्हणायचे.

सूनबाई यात पडली ती अपघाताने. एकदा तिसरा माणूस आला नाही आणि कॅप्टननी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलं, "सूनबाई, हात मोकळे आहेत का?" ती हात पुसत बाहेर आली, आणि त्यानंतर तिचे हात कधी मोकळे आहेत असं कुणाला वाटलंच नाही.

कॅप्टनचे नियम फार नव्हते, पण ते मोडले की त्यांचा पारा चढायचा. खुर्चीतल्याने डोळे मिटून गप्प बसायचं. त्याने हलायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत, देवाचा धावा मनात करायचा. दोघांपैकी मजबूत माणसाने खालची बाजू धरायची, उलट्या पावलांनी उतरत, कारण सगळं वजन खाली येतं. ती बाजू कॅप्टन स्वतः घेत, आणि ते थकत चालले तशी ती अधूनमधून सूनबाईकडे येऊ लागली. आणि तिसरा माणूस मोकळ्या हातांनी बरोबर चालायचा. धरणाऱ्याचे हात भरून आले की त्याने मोठ्याने म्हणायचं, 'बदली!' की मोकळ्या माणसाने लगेच येऊन धरायचं. का, कशाला, आत्ताच कुठे धरलं होतंस, असलं काही विचारायचं नाही.

"लाज वाटून घ्यायची नाही," ते सांगत. "माणूस लाजेपायी बोलत नाही आणि मग पडतो कोण? खुर्चीतला. आणि एक ध्यानात ठेवा, थकणाऱ्याला स्वतःला फार उशिरा कळतं. समोरच्याच्या अंगठ्यांकडे बघत चला. अंगठे पांढरे पडले की त्याच्या वतीने तुम्ही ओरडा."

हे सगळं लढाईतून आलं होतं, पण लढाईबद्दल ते बोलत नसत. सूनबाईला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही ती मशीनवर पट्टा शिवत असताना, मशीनच्या आवाजात निम्मं बुडेल अशा बेताने. एका चढणीवर ते आणि त्यांचा जोडीदार एका जखमी पोराला नेत होते. जोडीदाराचे अंगठे पांढरे पडले म्हणून कॅप्टन ओरडले, "बदली!" मागून कुणी आलं नाही. पुन्हा ओरडले. मागे वळून पाहिलं तर मागे कुणी उरलंच नव्हतं.

"मग?" सूनबाईने मशीन थांबवून विचारलं.

"मग काय. टेकवत टेकवत नेलं दोघांनी. पोचलो तेव्हा नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं." पट्ट्याची टीप चाचपत ते म्हणाले, "गोळ्यांचं काही वाटत नाही मला. त्या हाकेला ओ आली नाही, ते अजून कानातून जात नाही. तू शिव."

तिने पुन्हा मशीन सुरू केलं. दुसरं काय करणार?

मग एका थंडीत कॅप्टन आडवे झाले. झटका आला, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर तोंडातले शब्दही गेले. जे काही बोलत ते गोळा होऊन बाहेर पडायचं. डोळे तेवढे लख्ख होते. आयुष्यभर दुसऱ्यांना उचललेल्या माणसाला आता कुशीवर वळवायलाही दुसरा लागायचा. दुसरा म्हणजे अर्थात सूनबाई. अंग पुसणं, चादर बदलणं, चहात बुडवलेला पाव एकेक घास भरवणं, मग उरलेल्या वेळात गणवेश. हाडाची काडं झाली तिची. कात्री धरताना बोटं बधिर पडायची, आणि म्हाताऱ्याला काखेतून धरून वर सरकवताना कमरेतून कळ निघायची ती थेट मानेपर्यंत.

नवरा वाईट नव्हता, हे न्यायाला धरून सांगायला हवं. पाणीखात्यात होता, सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. आल्यावर दाराच्या चौकटीत उभा राहून विचारायचा, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि मग तिच्याकडे वळून अगदी मनापासून म्हणायचा, "तू आहेस म्हणून चाललंय गं सगळं." वडिलांच्या अंगाला हात लावायला तो घाबरत होता. ज्या माणसाने आख्ख्या वस्तीला उचललं त्याला असं लुळं पडलेलं त्याला बघवत नव्हतं. हे सूनबाईला कळत होतं. पण कळलं म्हणून काही कमरेची कळ थांबत नाही.

एका सुट्टीच्या दुपारी ती चादर बदलत होती. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. तिने मागून काखेत हात घालून कॅप्टनना छातीशी धरून उचललं, आणि एकाएकी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, म्हाताऱ्याच्या तोंडून एक शब्द स्वच्छ बाहेर आला.

"बदली!"

नवऱ्याने कप खाली ठेवला. "काय म्हणालात बाबा?"

"बदली! बदली!" डाव्या हाताने ते गादीवर थापा मारायला लागले.

आता हा मनुष्य पाणीखात्यातला. सरकारी नोकराला बदली म्हटलं की एकच बदली दिसते. दर वर्षी ती टाळायला साहेबांच्या घराच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. त्याला वाटलं, बाबा परत फौजेत जाऊन पोचले. दूरच्या ठाण्यावर आहेत आणि घराकडे बदली मागताहेत. तो वाकून लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "झाली बाबा, झाली बदली. ऑर्डर निघाली. आता काळजी नाही हं करायची."

कॅप्टननी असं काही बघितलं त्याच्याकडे, की कुणाला वाटावं खुर्ची हातातून निसटली. सूनबाईलाही नवऱ्याचंच खरं वाटलं. उचलणारा बदली मागतो. जो उचलला जातोय तो कशाला मागेल? त्यानंतर कुणीही भेटायला आलं की म्हातारा तोच शब्द ओरडायचा, आणि जो तो तेच उत्तर द्यायचा. दुकानदाराने तर "वरून सही झाली" असंही सांगून टाकलं. वायरमन तेवढा बाहेरगावी कामावर होता. पुढे पुढे कॅप्टननी बोलणं सोडलं. कुणी आलं की तोंड भिंतीकडे करायचे. आणि एका सकाळी सूनबाई पाव कुस्करून घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

ही बदलीची गोष्ट नवऱ्याने शोकसभेत सांगितली. चांगली सांगितली त्याने. "शेवटी बाबा सारखे बदली, बदली म्हणत होते," तो म्हणाला, "आणि वरून खरंच ऑर्डर आली हो!" सगळ्यांनी रुमाल काढले. सूनबाईही रडली. इतके महिने रडायला सवड मिळाली नव्हती, निमित्त मिळालं तसं तिने रडून घेतलं.

डोळे पुसून होतायत तोवर दुकानदार पुन्हा उभा राहिला. "कर्नलसाहेबांची खुर्ची रिकामी राहता कामा नये," तो म्हणाला. लोकांनी माना डोलवल्या. "त्या खुर्चीची खालची बाजू साहेब धरायचे. तो मान आता सूनबाईंचा. आमचा सर्वांचा त्यांना पाठिंबा आहे!"

टाळ्या पडल्या. पाठिंबा द्यायला काही हात लागत नाहीत, तो तोंडानेच दिला जातो. सूनबाईला म्हणायचं होतं, मला झोपू द्या. मला नुसतं पडून राहू द्या, भिंतीकडे तोंड करून, कुणी हाक मारणार नाही असं. नवरा अभिमानाने तिच्याकडे बघत होता. फोटोतला म्हातारा वैतागून बघत होता. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "बरं."

मान लवकरच वाट्याला आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तपासणीची तारीख आलेली. सकाळची वेळ, ज्याला त्याला आपापलं काम. दुकानदाराने दुकानातूनच हात जोडले, गिऱ्हाईक होतं. वायरमन आला. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, पण तो खाली टॅक्सी अडवून, मास्तरीणबाईंच्या कुबड्या आणि पिशवी धरून उभा होता. मोकळ्या हाताने बरोबर चालणारा तिसरा कुणीच नव्हता.

"खालची बाजू मी घेऊ का?" वायरमनने विचारलं.

"राहू दे," सूनबाई म्हणाली. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो वाचवावा असं तिला वाटलं.

मास्तरीणबाई वजनाने बेताच्या, जिभेने भारी. पट्टा लावून झाल्यावर सूनबाईने नेहमीप्रमाणे सांगितलं, "बाई, डोळे मिटून बसा हं."

"जन्मभर वर्गाकडे तोंड करून उभी राहिलेय मी. डोळे मिटले की मागच्या बाकावर काय चालतं ते ठाऊक आहे मला. उचला."

पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या मजल्याच्या पुढे सूनबाईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. उलट्या पावलाने पायरी चाचपत ती उतरत होती. घाम डोळ्यांत जात होता. वर वायरमनला खुर्चीच्या पाठीआडून तिचं फक्त कपाळ दिसत होतं. अजून चार पायऱ्या, मग टेकवू, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्या चार झाल्या की आणखी चार. आपण थकलोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. ती इतके दिवस थकलेली होती की थकणं म्हणजे वेगळं काही असतं हेच ती विसरली होती.

मास्तरीणबाई मात्र डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या पावलांपाशी सूनबाईचे हात होते. त्या हातांकडे त्यांनी बघितलं, आणि वर्गातल्या आवाजात, आख्खा जिना दणाणेल अशा, त्या ओरडल्या, "बदली!"

सूनबाई जागच्या जागी थांबली.

"अगं, बघतेस काय माझ्याकडे? अंगठे बघ तुझे, चुन्यासारखे झालेत! कोण आहे रे खाली? हिला बदली द्या!"

सूनबाईने अंगठ्यांकडे बघितलं. आणि मग तिला ती दुपार दिसली. म्हातारा पाठीने तिच्या छातीशी टेकलेला, तिचे हात त्याच्या काखेतून पुढे गुंफलेले, त्याचे डोळे त्या हातांवर. त्याने कुठल्या ठाण्यावरून बदली मागितलीच नव्हती. मरणही मागितलं नव्हतं. त्याला तिचे अंगठे दिसत होते. उजवी बाजू गेलेली, शब्द गेलेले, एक काय तो शब्द त्याने कुठून तरी खरवडून काढला होता, आणि तो तिच्यासाठी ओरडत होता. दारात मोकळ्या हातांचा माणूस उभा होता, त्याच्याकडे बघून ओरडत होता. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं, झाली हं, झाली. ती स्वतः तिथे होती आणि तिलासुद्धा कळलं नाही. जिन्यात हजारदा ऐकलेला शब्द घरात आपल्यासाठी कुणी वापरेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खालून धावत्या पावलांचा आवाज आला. कुबड्या आणि पिशवी टाकून नवरा वर येत होता, धापा टाकत. मास्तरीणबाईंच्या आवाजाला ओ न देणारा अजून जन्माला यायचा होता. त्याने काही न विचारता खुर्चीचे पुढचे पाय धरले, आयुष्यात पहिल्यांदाच, चुकीच्या जागी, मग सूनबाईने एक हात सोडून त्याची बोटं पाइपवर योग्य जागी आणली. मग ती सोडून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून पायरीवर बसली. तिने दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

"काय झालं गं? चक्कर आली का?"

"बाबा बदली म्हणाले ना," ती म्हणाली, "तेव्हा ते तुमच्याकडे बघून म्हणाले. माझ्यासाठी."

त्याला लगेच कळलं नाही. पण हातात वजन होतं आणि ते बोटांत उतरत होतं, आणि तिचे हात त्याच्या समोर होते. त्याच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की आता कळतंय.

"मी झाली म्हणालो त्यांना," तो म्हणाला. "दर वेळी. झाली, झाली म्हणून." आणि खुर्ची धरलेली असल्यामुळे त्याला डोळे पुसता येईनात.

"मला आधी खाली न्या," मास्तरीणबाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "मग काय ते रडा."

वायरमन वरून म्हणाला, "साहेब, पायाने आधी पायरी चाचपा, मगच वजन टाका. सावकाश."

नवरा एक पायरी उतरला. मग दुसरी. सूनबाई भिंतीला धरून उठली आणि त्यांच्या मागून उतरू लागली, एका हाताने कठड्याला धरून, दुसरा तसाच सोडून. मोकळे हात घेऊन जिना उतरायची सवयच राहिली नव्हती. पुढच्या वळणावर तिने वाकून नवऱ्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं. अजून लाल होते. ती चालत राहिली.